फ्रेडरिक्सबर्गची जमीन: एका प्रतिकृतीच्या प्रकल्प नोंदी

5 ऑक्टोबर 2024, शनिवार

आज पाया तयार झाला. 12 मिलीमीटरचं प्लायवुड, 120 सेंटीमीटर लांब, 75 रुंद. प्रमाण 1:10,000. फाल्मथपासून हॅमिल्टन्स क्रॉसिंगपर्यंतची रणांगणाची साधारण अकरा किलोमीटरची पट्टी यात बसते आणि कडेला नावं लिहायला थोडी जागा उरते.

सुरुवात लेकीच्या एका प्रश्नाने झाली. ती आठवीत आहे. शाळेची सहल व्हर्जिनियातल्या फ्रेडरिक्सबर्गला जाऊन आली आणि घरी आल्या आल्या तिने विचारलं, "आई, सगळे मरीज हाइट्स, मरीज हाइट्स म्हणत होते. पण टेकडी कुठे होती?" मला हसू आलं नाही, कारण पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा मलाही तेच वाटलं होतं. मी साताऱ्याची. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला लढाऊ उंची म्हणजे कडा, चढताना दम लागणारी वाट. फ्रेडरिक्सबर्गला गावामागे जे आहे त्याला आमच्याकडे टेकाडसुद्धा जपून म्हणतील. सपाटीपासून जेमतेम चाळीस-पन्नास फूट.

आणि तरी अमेरिकेच्या यादवी युद्धात, 13 डिसेंबर 1862 रोजी, त्या टेकाडासमोर युनियनच्या, म्हणजे उत्तरेकडच्या राज्यांच्या, फौजेच्या लाटांमागून लाटा फुटल्या. लढाईत त्यांची 12,600हून जास्त माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली, फुटून निघालेल्या दक्षिणेच्या, म्हणजे कॉन्फेडरेट बाजूची सुमारे 5,300. युनियनच्या नुकसानीतला मोठा वाटा त्या एका टेकाडापुढचा.

मी रस्त्यांच्या सांडपाण्याचे आराखडे करते. जमीन एखाद-दुसऱ्या फुटाने वर-खाली झाली तर काय होतं, हे माझं रोजचं काम आहे. म्हणून ठरवलं की आधी ही जमीन हाताने रचायची. त्या दिवशी जमिनीने किती केलं आणि हुकूम देणाऱ्यांनी किती, हे मगच बोलायचं.

12 ऑक्टोबर, शनिवार

उंचीचे सरकारी आकडे उतरवून क्यूजीआयएस या नकाशांच्या प्रोग्राममध्ये दहा-दहा फुटांच्या समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) काढल्या. पहिला अडथळा: हे आकडे आजच्या जमिनीचे आहेत. गाव आणि टेकाड यांच्यामधल्या उघड्या माळावर आता घरं आहेत. टेकाडावर नंतर युनियनच्या सैनिकांचं स्मशान झालं, त्यासाठी उतार कापून पायऱ्या पाडल्या. तिथे 15,000हून जास्त सैनिक पुरलेले आहेत, बहुतेकांची नावं माहीत नाहीत. त्या पायऱ्या नकाशात अगदी रेखीव दिसतात. त्या पुसून आजूबाजूच्या उताराशी जुळवून घेतल्या.

त्याहून महत्त्वाचा होता पाट. गाव संपतं तिथे गिरण्यांकडे पाणी नेणारा एक पाट होता, सुमारे पाच फूट खोल. आज तो बुजलेला आहे, त्यावरून केनमोर अ‍ॅव्हेन्यू जातो. आकड्यांत तो सापडणारच नव्हता, हाताने काढला. हल्ला करणाऱ्या पलटणींना तो ओलांडायला रस्त्यांवरचे मोजके अरुंद पूल होते. म्हणजे ऐन तोफांच्या टप्प्यात रांगा मोडून, माणसांचा लोंढा चिंचोळा करून पलीकडे जायचं आणि तिथे पुन्हा पसरायचं. पाण्याचा निचरा करताना अशा जागेला आम्ही घसा म्हणतो. पाणी तिथे तुंबतं, माणसंही तुंबली.

हेझल रन आणि डीप रन हे दोन ओढेही आजच कोरले. दोघेही टेकड्यांकडून रॅपाहॅनॉक नदीकडे येतात आणि रणांगणाचे तुकडे करतात. उजवीकडची फौज आणि डावीकडची फौज एकमेकांच्या मदतीला सहज का जाऊ शकत नव्हती, ते ओढे कोरताना बोटांना कळलं.

2 नोव्हेंबर, शनिवार

दिवाळीमुळे दोन आठवडे काम बंद. अंगणात मायलेकींनी किल्ला केला, मावळे नेहमीसारखे बुरुजापेक्षा उंच.

त्या किल्ल्यानेच मला माझी चूक दाखवली. मी दर दहा फुटांना 1.5 मिलीमीटरचा पुठ्ठा वापरत होते. दहा फूट म्हणजे सुमारे तीन मीटर, 1:10,000ला ते 0.3 मिलीमीटर होतात. म्हणजे मी उंची पाचपट फुगवली होती. अर्धी प्रतिकृती चिकटवून झाली होती, लांबून छान दिसत होती. मरीज हाइट्स गावावर झेपावलेल्या. कोणीही बघून म्हटलं असतं, अरेरे, असल्या डोंगरावर कशाला चढायला गेले?

हे खोटं आहे. खऱ्या प्रमाणात ते टेकाड दीड मिलीमीटर भरतं. उंची फुगवली की सगळा दोष डोंगरावर जातो आणि हुकूम देणारे सुटतात. टेकाडाच्या पायथ्याशी जी दगडी भिंत होती तिची उंची चार फूट, म्हणजे माझ्या प्रमाणात 0.12 मिलीमीटर. एका साध्या कागदाची जाडी. त्या दिवशी ज्या गोष्टीने सर्वांत जास्त माणसं मारली ती माझ्या प्रतिकृतीत कागदाइतकी आहे, हे कळल्यावर मी बराच वेळ नुसती बसून राहिले.

पुठ्ठे सोडवले. आता 0.6 मिलीमीटरचा कार्ड, उंची फक्त दुप्पट. तीन शनिवारांचं काम पाण्यात गेलं. जाऊ दे, ते करायलाच हवं होतं.

10 नोव्हेंबर, रविवार

आज दोघी फ्रेडरिक्सबर्गला. थंडी बेताची, आकाश स्वच्छ.

संकन रोडला, म्हणजे भिंतीमागच्या खोल गेलेल्या रस्त्याला, मराठीत काय म्हणायचं ते गाडीतच ठरलं: पाणंद. लेकीला तो शब्द माहीत नव्हता. दोन्हीकडे ताली, मधून बैलगाड्यांनी वर्षानुवर्षं झिजवून खाली गेलेली वाट. टेकाडाच्या पायथ्याने जाणारा टेलिग्राफ रोड नेमका तसा होता. गावाच्या बाजूला दगडी भिंत, आणि रस्ता खणताना निघालेली माती भिंतीच्या बाहेरच्या अंगाला लोटलेली. म्हणून समोरून येणाऱ्याला भिंत भिंतीसारखी दिसायचीच नाही, एक मातीचा बांध दिसायचा. आतल्या माणसाला मात्र छातीपर्यंत आडोसा, बंदूक टेकवायला काठ, आणि मागे सरून भरून घ्यायला ऐसपैस जागा.

लेक आत उभी राहिली. भिंत तिच्या छातीच्या वर आली. मूळ भिंतीचा थोडाच भाग शिल्लक आहे, बाकी पुन्हा बांधलेली. शेजारच्या इनिस हाउसच्या आतल्या फळ्यांवर गोळ्यांची भोकं अजून आहेत. लेकीने ती मोजायला सुरुवात केली आणि मधेच थांबली.

इथे टी. आर. आर. कॉब या कॉन्फेडरेट सेनापतीची जॉर्जियाची ब्रिगेड (अनेक पलटणींची तुकडी) होती. तो स्वतः इथेच मरणाच्या जखमेने पडला. मागून त्याच बाजूच्या कर्शॉची माणसं येत गेली. दुपार चढली तशा पाणंदीत रांगांमागे रांगा झाल्या, पुढचे झाडायचे, मागचे भरून द्यायचे. वर टेकाडावर तोफा. त्या बाजूचा सेनापती लाँगस्ट्रीट याने पुढे आठवण लिहून ठेवली आहे: त्याने तोफांबद्दल शंका काढली तेव्हा अलेक्झांडर या तोफखान्याच्या अधिकाऱ्याने त्याला सांगितलं होतं की आपण मारा सुरू केला की त्या माळावर कोंबडीही जगायची नाही.

युनियनकडून आधी फ्रेंच नावाच्या सेनापतीची डिव्हिजन (अनेक ब्रिगेडींची मोठी तुकडी) दुपारी बाराच्या सुमारास निघाली. मग हॅनकॉक. त्याच्या डिव्हिजनमधली मीगरची आयरिश ब्रिगेड, टोप्यांना बॉक्सवूडच्या हिरव्या डहाळ्या लावलेली, सुमारे 1,200 माणसं, त्यांतली 545 मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. मग हॉवर्ड, स्टर्जिस, ग्रिफिन. सूर्य मावळता मावळता हंफ्रीज. भिंतीपर्यंत एकही पोचला नाही. भिंतीच्या अलीकडे सुमारे शंभर यार्डांवर जमिनीत एक हलकासा खोलगट भाग होता. जे वाचले ते तिथे पालथे पडून राहिले आणि नंतर येणाऱ्यांना त्यांच्याच अंगांवरून पुढे जायचं होतं.

मी उलट बाजूने चालत आले, केनमोर अ‍ॅव्हेन्यूपासून पाणंदीकडे. घरांच्या मधून, गल्ल्यांतून. गावाच्या शेवटच्या घरांपासून भिंत जेमतेम अर्धा किलोमीटर. पाच-सहा मिनिटांची चाल. चढ इतका मंद की पायांना कळतही नाही.

17 नोव्हेंबर, रविवार

तारीख मुद्दाम लिहिते. 1862 साली याच तारखेला युनियनच्या सम्नरची माणसं नदीपलीकडे फाल्मथला पोचली. गावात तेव्हा कॉन्फेडरेट फौज नावापुरती होती. टेकाड रिकामं, पाणंद रिकामी.

बर्नसाइडने युनियनच्या या सेनेची सूत्रं त्याच महिन्यात मॅक्लेलनकडून घेतली होती. त्याचा बेत वाईट नव्हता. झटकन फ्रेडरिक्सबर्गला सरकायचं, नदी ओलांडायची, कॉन्फेडरेट सरसेनापती ली जागा होण्याआधी त्यांच्या राजधानीच्या, रिचमंडच्या, वाटेला लागायचं. 14 नोव्हेंबरला वॉशिंग्टनहून होकार आला, तोही लिंकनच्या अटीसह: फार वेगाने हललात तरच जमेल, नाहीतर नाही. फौज वेगाने हलली. नदीवर टाकायचे होड्यांचे पूल हलले नाहीत. त्यांच्याबद्दलचे हुकूम सावकाश पोचले, मग पाऊस, मग चिखल. पहिल्या होड्या येईपर्यंत आठवडा गेला होता.

सम्नर म्हणत होता की नदी उथळ आहे तिथून पाण्यातूनच जाऊ. बर्नसाइडने नाही म्हटलं. त्याची भीती खोटी नव्हती: पावसाने नदी फुगली असती तर पलीकडे गेलेली तुकडी एकटी सापडली असती. पावसाळ्यातली नदी बघितलेल्या कोणालाही हे पटेल. पण त्या नकाराबरोबर बेतही बदलायला हवा होता, आणि बेत तोच राहिला. लीचा लाँगस्ट्रीट आला, मग डिसेंबरच्या सुरुवातीला त्याचा दुसरा सेनापती जॅक्सन. पाणंद भरली.

म्हणून मला वाटतं, मरीज हाइट्स अभेद्य झाल्या त्या 17 ते 25 नोव्हेंबरच्या दरम्यान, एकही गोळी न झाडता. जमीन तीच होती.

नदी आज रंगवली. पूर्वेच्या काठावर स्टॅफर्ड हाइट्स उभ्या राहिल्या आणि त्यांचं दुहेरी वागणं दिसलं. तिथे युनियनच्या तोफखान्याच्या हंटने जवळजवळ दीडशे तोफा लावल्या होत्या. त्यांच्यामुळे ली नदीकाठी मुख्य फळी उभी करूच शकला नाही. 11 डिसेंबरला पूल बांधणाऱ्यांवर गावातून कॉन्फेडरेट बार्क्सडेलचे मिसिसिपीवाले नेम धरून गोळ्या झाडत होते. तोफांनी गाव फोडलं तरी ते हटले नाहीत. शेवटी पायदळच होड्यांत बसून पलीकडे गेलं. म्हणजे उंचावरच्या तोफांनी नदी दिली, पण पाणंद त्यांच्यापासून फार लांब आणि आड. पहिल्या उंचीच्या भरवशावर बर्नसाइड दुसऱ्या उंचीखाली जाऊन उभा राहिला.

24 नोव्हेंबर, रविवार

आज प्रॉस्पेक्ट हिलची बाजू. फ्रेडरिक्सबर्ग म्हटलं की सगळे भिंतीपाशी थांबतात. माझ्या मते लढाईचा निकाल इथे, रणांगणाच्या दक्षिण टोकाला लागला.

इथे सपाटी रुंद आहे, गाव नाही, पाट नाही. टेकडी साधारण पासष्ट फूट, झाडीने भरलेली, पायथ्याने लोहमार्ग. जॅक्सनची फौज या झाडीत होती. पुढच्या रांगेत ए. पी. हिलच्या दोन ब्रिगेडींमध्ये, आर्चर आणि लेन यांच्यामध्ये, सुमारे 600 यार्डांची फट होती. कारण तिथे झाडीत पाणथळ जागा होती आणि इथून कोणी येणार नाही असं गृहीत धरलेलं होतं.

ही चूक मला माझ्या कामातून ओळखीची आहे. नकाशावर दलदलीची खूण असली की लोक तिथे रेघ मारून पुढे जातात. प्रत्यक्षात दलदल म्हणजे वर्षातले काही महिने, काही ठिकाणं, आणि बाकी नुसतं ओलं गवत. जाऊन पाय ठेवून बघावं लागतं.

समोर युनियनच्या फ्रँकलिनकडे साठ हजारांच्या आसपास माणसं होती. 12 तारखेच्या संध्याकाळी बर्नसाइड त्याला भेटून गेला आणि फ्रँकलिनला वाटलं की सकाळी मोठा हल्ला करायचा आहे. लेखी हुकुमाची वाट बघत रात्र गेली. तो सकाळी साडेसात नंतर मुख्यालयातून पाठवलेल्या हार्डीच्या हातून आला आणि त्यात लिहिलेलं होतं: किमान एक डिव्हिजन पाठवून ती उंची ताब्यात घ्या, तिला नीट पाठबळ द्या, परतीची वाट मोकळी ठेवा, आणि बाकी सगळी फौज जुन्या रिचमंड रस्त्याने झपाट्याने निघायला तयार ठेवा. इंग्रजी मजकुरात शब्द होता 'सीझ'. त्या काळच्या लष्करी भाषेत जिथे फारसा विरोध नाही अशी जागा चटकन घ्यायची तर तो शब्द. झुंजून, हल्ला चढवून घ्यायची असेल तर 'कॅरी'. फ्रँकलिनने शब्द जसाच्या तसा वाचला.

मी रोज साइटवर सूचना लिहून पाठवते. 'किमान एक' लिहिलं की एकच होतं. ज्याला दहा हवे आहेत त्याने दहा लिहायचे. दोष लिहिणाऱ्याचा पहिला. पण वाचणाऱ्याचाही आहे, कारण फ्रँकलिनला हुकूम विचित्र वाटला होता आणि तार हाताशी होती. त्याच तारेवरून हार्डी दिवसभर मुख्यालयाला बातम्या पाठवत होता. उलट विचारायला एक ओळ पुरली असती.

एक डिव्हिजन गेली. मीडची, चार-साडेचार हजारांची, उजवीकडे गिबन मदतीला. धुकं उठता उठता कॉन्फेडरेट तोफखान्याच्या जॉन पेलहॅमने दोन तोफा घेऊन बाजूने मारा केला, त्यांतली एक लवकरच निकामी झाली, तरी त्याने सगळ्यांना तासभर रोखून धरलं. मग दुपारी एकच्या सुमारास मीडची माणसं लोहमार्ग ओलांडून नेमकी त्या पाणथळ झाडीत शिरली आणि फट सापडली. आतमध्ये जॅक्सनच्या फौजेतल्या मॅक्सी ग्रेगच्या ब्रिगेडीने बंदुका रचून ठेवल्या होत्या. ग्रेगला वाटलं आपलीच माणसं मागे येत आहेत. त्याला तिथेच जीवघेणी जखम झाली.

काही वेळ ली आणि जॅक्सनची फळी खरोखर फुटली होती. भिंतीपाशी पन्नास हजार माणसांना जे जमलं नसतं ते इथे चार हजारांनी केलं. आणि त्यांच्या मागे कोणी आलं नाही. मीडने आपल्याच बाजूच्या बर्नीकडे मदत मागितली, ती वेळेत मिळाली नाही. जॅक्सनच्या अर्लीची माणसं चालून आली, मीडला मागे रेटलं. त्याचे सुमारे 1,800 मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. आणि तिकडे काही मैलांवर भिंतीसमोर डिव्हिजनमागून डिव्हिजन जात राहिली. ज्या हल्ल्याच्या आधारावर तो हल्ला बेतला होता, तो केव्हाच संपला होता.

10 तारखेला येताना लोहमार्गाच्या कडेला मीडच्या माणसांच्या जागेवर रचलेला दगडी पिरॅमिड बघितला होता. ली ड्राइव्ह या रस्त्यावरून झाडीतून तो दिसतो, त्याच्या शेजारून आजही आगगाड्या जातात. प्रतिकृतीत तिथे एक पांढरा मणी लावला आहे.

30 नोव्हेंबर, शनिवार

गोंद ओला असताना फळी भिंतीला टेकवून ठेवली, मधे बाक आला. रात्रभर विटा ठेवून सरळ केली. हेझल रनचा एक काठ उखडला, पुन्हा लावला.

7 डिसेंबर, शनिवार

भिंतीचा प्रश्न सुटला. कागदाइतकी जाडी मोठ्या प्रतिकृतीत दाखवणं शक्यच नाही, आणि ती मोठी करून दाखवणं म्हणजे पुन्हा तेच खोटं. म्हणून एक वेगळी पट्टी केली: प्रमाण 1:500, लांबी एक मीटरपेक्षा थोडी जास्त, उंची अजिबात न फुगवता. एका टोकाला पाट, दुसऱ्या टोकाला पाणंद, तिच्यामागे तीन सेंटीमीटरचं टेकाड. भिंत 2.4 मिलीमीटर, तिच्यामागचा सैनिक साडेतीन. टाचणीच्या डोक्यांचे सैनिक लेकीने केले, रंगाला दोन संध्याकाळी लागल्या.

तो खोलगट भाग भिंतीपासून 18 सेंटीमीटरवर येतो. तिथे टाचण्या आडव्या चिकटवल्या. 13 तारखेची रात्र, मग 14चा पूर्ण दिवस, काहीजण मेलेल्या साथीदारांच्या आड पडून होते. त्याच सकाळी बर्नसाइडला आपल्या जुन्या नवव्या कोअरच्या (काही डिव्हिजनींच्या दळाच्या) पुढे राहून पुन्हा त्याच माळावरून जायचं होतं. सेनापतींनी त्याला परावृत्त केलं. हा माणूस भित्रा नव्हता, निर्दयही नव्हता. 13 तारखेचा बहुतेक वेळ तो नदीपलीकडे फिलिप्स हाउसला होता. संगणकावर त्या जागेवरून काय दिसतं ते मी तपासलं: टेकाडाची कड दिसते. रस्त्याचा तळ दिसत नाही. दिसणारी उंची त्याला माहीत होती, न दिसणारा खड्डा त्याला सांगावा लागला असता, आणि जे सांगू शकत होते ते त्या खड्ड्यासमोर मरत होते. सम्नरलाही त्याने नदीच्या त्याच काठावर थांबवून ठेवलं होतं.

13 डिसेंबर, शुक्रवार

संध्याकाळी शेवटच्या चिठ्ठ्या लावल्या. भिंतीला दोन तारखा दिल्या आहेत, कारण एक पुरत नाही.

दुसरी 3 मे 1863. तीच भिंत, तोच माळ, तोच पाट. त्या दिवशी लीचं मुख्य सैन्य चान्सलर्सव्हिलला होतं आणि पाणंदीत बार्क्सडेलच्या दोन रेजिमेंटीसुद्धा धड नव्हत्या. युनियनच्या सेजविकच्या सहाव्या कोअरला पहिल्यांदा मार बसला, पण मग त्याची माणसं मधे गोळ्या झाडायला न थांबता संगिनी रोखून धावली आणि काही मिनिटांत भिंत घेतली. त्यानंतर अँड्र्यू रसेल या छायाचित्रकाराने भिंतीमागे पडलेल्या कॉन्फेडरेट सैनिकांचा फोटो काढला. डिसेंबरमध्ये जी जागा अजिंक्य होती तीच ही, आणि आता तिथे मेलेले दुसऱ्या बाजूचे. त्यानंतर दोन महिन्यांनी, 3 जुलैला, गेटिसबर्गला युनियनचे सैनिक स्वतः एका दगडी भिंतीमागे होते. समोरून उघड्या माळावरून आलेली कॉन्फेडरेट पिकेटची चढाई कोसळली तेव्हा ते ओरडत होते, "फ्रेडरिक्सबर्ग! फ्रेडरिक्सबर्ग!"

जेवणानंतर लेकीने पट्टी टेबलाच्या काठावर ठेवली आणि ती जमिनीवर गुडघे टेकून पाटाच्या टोकाला हनुवटी लावून बसली, डोळा बरोबर माळाच्या पातळीवर. मी दिवा थोडा खाली घेतला.

"आई, टेकडी दिसते," ती म्हणाली. मग थोडा वेळ गप्प. "रस्ता दिसतच नाही. माणसंपण नाही दिसत. नुसता बांध आहे."

ती तशीच बसून राहिली. मी पाणंदीतल्या टाचण्या मोजल्या, एक सैल झाली होती, ती पुन्हा चिकटवली.